मॉरिशसच्या दप्तरातून कोकणातल्या वाडीपर्यंत



जुना कागद म्हणजे काय चीज असते, हे आपल्या मराठवाड्यात आता कोणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही. २०२३ सालच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या, मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा भाव आला, आणि शाळेचे जुने जनरल रजिस्टर मुख्याध्यापक मंडळी जपून उघडू लागली. त्या प्रश्नाच्या वादात मला आज शिरायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, आपल्यापाशी गाव होते, घर होते, शिवार होते. शोधायचा होता तो कागद. आज मी ज्यांची हकिकत सांगणार आहे त्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांच्यापाशी कागद आहे, चांगला सरकारी शिक्क्याचा आहे. हरवले आहे ते गाव.

काही वर्षांपूर्वी मॉरिशस बेटावरून आलेले एक गृहस्थ वेरूळची लेणी पाहून आमच्या महाविद्यालयात आले. पेशाने शिक्षक, वय साठीच्या आसपास. मराठी बोलत, पण पाटीवर अक्षर काढावे तसे एकेक शब्द जपून बोलत. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "सर, हे गाव कुठे आहे ते आपण सांगाल का?"

कागद इंग्रजीत होता. त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीचा तो उतारा. नाव एकच शब्दाचे, बापाचे नावही एकाच शब्दाचे. वय बावीस. जात मराठा. जिल्ह्याच्या रकान्यात 'बॉम्बे' आणि गावाच्या रकान्यात चार अक्षरांचा एक शब्द. तो वाचावा तर 'खेर' असा होत होता. मी म्हटले, "गुरुजी, हे खेड असणार. आपल्या 'ड'चा इंग्रज कारकुनाने 'र' केला." त्यांचा चेहरा उजळला. पण पुढचे वाक्य बोलताना माझीच जीभ अडखळली, कारण महाराष्ट्रात खेड एक नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले खेड आहे, पुणे जिल्ह्यातले खेड आहे, ज्याला आपण आता राजगुरुनगर म्हणतो, सातारा शहराला लागून एक खेड आहे, आणि लहानसहान खेडी तर विचारूच नका. ह्यांचे खेड कोणते?

त्या चार अक्षरांचा पाठपुरावा कसा झाला ते पुढे सांगतो. आधी हा कागद मॉरिशसला जन्माला कसा आला ते सांगितले पाहिजे.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले छोटेसे बेट. आधी फ्रेंचांचे होते, १८१० साली इंग्रजांनी जिंकले. जमीन उसाची, मळेवाले बहुतेक फ्रेंच, आणि राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. इंग्रजी राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून अमलात आला. पण कायदा झाला म्हणून ऊस वाढायचा थांबत नाही. मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. हे करारावरचे मजूर. करार म्हणजे 'ॲग्रीमेंट'; उत्तरेकडच्या लोकांनी त्या शब्दाचे 'गिरमिट' केले आणि असे मजूर 'गिरमिटिया' झाले. मग कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तिन्ही बंदरांतून हा ओघ पाऊणशे वर्षे चालला. मॉरिशसला उतरलेल्यांची एकूण संख्या साडेचार लाखांच्या वर जाते. त्यांत मुंबईचा वाटा सगळ्यांत लहान. तो मुख्यतः कोकणचा, त्यातही रत्नागिरीचा, आणि घाटावरच्या सातारा वगैरे भागांचा.

कोकणातला माणूस का गेला, हे सांगायला फार विद्वत्ता नको. जमीन थोडी, ती खोताची, आणि पावसाळा संपला की हाताला काम नाही. तो मुंबईला यायचा. मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू व्हायला १८५६ साल उजाडले. त्याआधी बंदरावर काम शोधत हिंडणाऱ्या तरण्याबांड पोराला कोणी 'महिना पाच रुपये, वर अन्न आणि कपडा' असे सांगितले, तर त्याला ते खोटे का वाटावे? पाच रुपयांचा दर खराच होता. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तिथला रिवाजही खराच होता, आणि तो मुंबईच्या धक्क्यावर कोणी सांगत नव्हते. ह्या जाचाविरुद्ध आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या मळेवाल्यानेच पुढाकार घेतला आणि १८७१ साली ९,४०१ सह्यांचा अर्ज गव्हर्नराकडे गेला. त्यातून पुढे शाही चौकशी समिती आली.

पोर्ट लुईच्या बंदरात दगडी पायऱ्या आहेत, सोळा. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस त्या चढून डेपोत जाई. ती जागा आज 'आप्रवासी घाट' म्हणून जतन केलेली आहे आणि २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. डेपोत कारकून बसलेला असे. तो प्रत्येकाला एक नंबर देई आणि रजिस्टरात लिही: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव, आणि कोणत्या मळ्यावर पाठवला ते. सुरुवातीच्या नोंदी त्रोटक आहेत, पुढे त्या भरत गेल्या. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपवून मोकळ्या झालेल्या माणसालाही आपला फोटो असलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. तिकीट नसले की शिपाई अडवी.

हे सगळे पळून जाऊ पाहणाऱ्या मजुराला पकडता यावे म्हणून चालले होते. डाव्या भुवईवर व्रण आहे, असे लिहिले ते कौतुकाने नव्हे. पण त्या नोंदींचे आज झाले आहे काय? मोका ह्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, १९७० साली स्थापन झालेली. ती रजिस्टरे आणि ते फोटो तिथे जपून ठेवलेले आहेत. मॉरिशसचा नागरिक आपला, बापाचा, आजोबांचा असे जन्माचे-लग्नाचे दाखले एकापुढे एक लावीत मूळ पुरुषापर्यंत जातो. जुन्या पुष्कळ दाखल्यांत तो नंबर लिहिलेला सापडतो, आणि नंबर सापडला की रजिस्टराचे पान उघडते. पणजोबांचा चेहरा पहिल्यांदा तिथे पाहिला आणि खाली बसलो, असे आमच्या पाहुण्यांनी मला सांगितले.

ह्या उताऱ्याला आता आणखी एक महत्त्व आले आहे. आपल्या सरकारचे 'ओसीआय' नावाचे कार्ड असते. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला ते मिळते आणि मग येण्या-जाण्याला व्हिसा लागत नाही. एरवी ते पणतवंडापर्यंतच मिळे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना, तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी सातव्या पिढीपर्यंत ही सवलत देत असल्याचे त्यांनी जाहीर केले. म्हणजे ज्या रकान्यात कारकुनाने कंटाळून चार अक्षरे खरडली, त्याच्यावर आज एका कुटुंबाचा दाखला उभा राहतो. पण कार्ड मिळाले तरी गाव मिळत नाही, बरं का. ते वेगळे काम आहे, आणि ते मोकाला बसून होत नाही. ते इकडूनच व्हायला पाहिजे.

का, ते सांगतो. पहिली अडचण नावांची. कारकुनाने मजुराचे एकट्याचे नाव घेतले, आडनाव विचारलेच नाही. पुढे त्या एका नावाचेच आडनाव झाले. समजा, एखादा सखाराम तिकडे उतरला. तर आज त्याचे नातू-पणतू सगळे आडनावाने सखाराम. तेव्हा मॉरिशसच्या पाहुण्याने आडनाव सांगितले आणि 'असे आडनाव आमच्याकडे नाही' म्हणून आपण हात झटकले, तर चूक आपली आहे. वर लिहिणारे हात इंग्रजी आणि फ्रेंच वळणाचे. रत्नागिरीचे 'रुतनाघेरी' झाले, ते तरी ओळखता येते. पण गणू, गोणू, घाणू हे एकाच माणसाचे तीन अवतार असू शकतात.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. रजिस्टरात रत्नागिरी लिहिले असले तर ते आजचे रत्नागिरी नव्हे. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सगळे तेव्हा रत्नागिरीतच. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सातारा लिहिले असले तर माणूस आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याचा किंवा तासगावचाही असू शकतो. आणि 'बॉम्बे' लिहिले असले तर काहीच कळत नाही. ते त्याचे गाव नाही, तो जहाजावर चढला ते बंदर आहे.

जातीच्या रकान्याने तर चांगले चांगले अभ्यासक फसतात. अगदी पहिल्या 'ॲटलास' जहाजावरचे ३६ मजूर कागदोपत्री 'धनगर' आहेत. हे वाचून माझ्या एका विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने लिहून आणले की, मॉरिशसला पहिले पाऊल आपल्या धनगरांनी ठेवले. मला त्याचा उत्साह मोडवेना, पण मोडावा लागला. ते धनगर छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. तिकडे त्यांना त्या नावाने ओळखत. मेंढरांशी त्यांचा संबंध नाही. शब्द एक, माणसे दोन. तसेच 'मराठा' हा शब्द कुठे जात म्हणून लिहिला आहे आणि कुठे नुसता मराठी बोलणारा म्हणून, ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. आमच्या पाहुण्यांना कोणीतरी सांगितले होते की, मराठा लिहिले आहे तर तुमचे नाते वेरूळच्या भोसल्यांशी असणार. म्हणून तर ते वेरूळला आधी गेले! मी त्यांना म्हटले, "गुरुजी, राजाच्या घरचा पोरगा पाच रुपयांवर ऊस तोडायला समुद्र ओलांडीत नाही." ते हसले. पण थोडे खट्टू झाले, हे माझ्या लक्षात आले.

हे दुखणे जगात एकट्या मराठी माणसाचे आहे असे नव्हे. आयर्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८४५ पासून तिथे बटाट्याच्या रोगाने मोठा दुष्काळ पडला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडे गेली. त्यांचे नातू-पणतू आज मूळ गाव शोधतात. पण ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनमधले सरकारी दप्तरखाने जळाले. १८२१ ते १८५१ च्या चार खानेसुमाऱ्यांतला बहुतेक कागद त्यात गेला. तेव्हा घरचा पुरावा परदेशात शोधायची पाळी आली: अमेरिकेतल्या कबरींचे दगड, ऑस्ट्रेलियातले मृत्यूचे दाखले, जहाजांच्या याद्या. बॉस्टन शहरात 'पायलट' नावाचे एक वर्तमानपत्र होते. त्यात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या भावाबहिणींच्या शोधाच्या जाहिराती येत, आणि त्यांत मूळ परगण्याचे नाव हटकून असे. आयरिश लोकांच्या शोधात एक युक्ती रूढ झाली आहे. आपल्या माणसाच्या कागदाने तोंड उघडले नाही, तर त्याच्या सोबत्याचा कागद पाहायचा. घर सोडून जाणारा माणूस सहसा एकटा जात नाही. भाऊ, मेहुणा, शेजारी, कोणीतरी बरोबर असतो.

हीच युक्ती मी पाहुण्यांना सांगितली. मॉरिशसला परतल्यावर त्यांनी मोकाला चौकशी केली: त्याच जहाजावर आमच्या नंबराच्या आगेमागे कोण होते? दोन-तीन महिन्यांनी त्यांचे पत्र आले. लागूनच्या दोन नंबरांवर त्याच वयाची दोन माणसे होती. एकाच्या गावाचा रकाना कोरा. दुसऱ्याच्या जिल्ह्याच्या रकान्यात 'रुतनाघेरी'. ह्याने सिद्ध काहीच होत नाही; डेपोतल्या रांगेत कोणीही कोणाच्या मागे उभा राहतो. पण पुण्याचे आणि साताऱ्याचे खेड थोडे मागे पडले.

मग मी त्यांना कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, घरात म्हातारी माणसे काय बोलत, काय गात? ते म्हणाले, गणपतीत आमच्याकडे झाकरी नाचतात, गोल धरून. श्रोत्यांपैकी जे कोकणात नोकरीला राहिले असतील त्यांच्या कानांवर हा शब्द येताच ओळख पटली असेल. रत्नागिरीकडचा जाखडी नाच तो हाच. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएट्टा गावी झाला असे सांगतात. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. पण जाखडी सगळ्या मराठी वस्तीत पसरलेली, तिच्यावरून एका कुटुंबाचे गाव ठरत नाही. मी पुन्हा विचारले, देव कोणता? गणपती, महादेव, विठोबा अशी नावे झाली. पुढच्या पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, त्यांनी लिहिले: आमची आजी कोणाला दृष्ट लागली की एक शब्द म्हणायची, त्याचा अर्थ आम्हांला कधी कळला नाही. शब्द होता 'काळकाय'.

मी ते पत्र घेऊन आमच्या मराठीच्या प्राध्यापकांकडे जवळजवळ धावतच गेलो. काळकाई! कोकणात काळकाईची ठाणी अनेक आहेत, पण त्यांतले एक मोठे ठाणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडजवळ, भरणे गावी आहे. कारकुनाची चार अक्षरे, सोबत्याचा जिल्हा आणि म्हातारीचा एक शब्द, तिन्ही एका ठिकाणी येऊन मिळाले. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही. इतिहासाच्या वर्गात मी तो 'बराच संभव' ह्या सदरात घालीन, त्याहून वर नाही.

इथे आपल्या शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत. परदेशातल्या दप्तराचा हात तालुक्यापर्यंत पोचतो, फार तर गावापर्यंत. पुढचे वाडीपर्यंतचे अंतर तुमच्यासारख्यांनाच चालावे लागते. कोणत्या वाडीचे नाव पूर्वी काय होते, कोणते घराणे उठून गेले, कोणाच्या भाऊबंदकीत 'एक भाऊ बोटीवर गेला तो आलाच नाही' असे सांगतात, हे कुठल्याही सरकारी कागदात नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत असेल, कोल्हापूरकडे हेळव्यांच्या वहीत असेल, नाहीतर एखाद्या आजीच्या तोंडी असेल. ते पोरांकडून लिहून घ्या. वहीचे एक पान पुरते.

आणि दूर कशाला जायचे? आपल्या बीडकडून, जालन्याकडून दर दसरा-दिवाळीला उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. कोणी कोल्हापूरला जातो, कोणी सांगलीला, कोणी थेट कर्नाटकात. तिथे कोणी विचारले, कुठले हो तुम्ही, की सांगतात 'बीडकडचे'. गावाचे नाव सांगून समोरच्याला कळणार नाही, म्हणून मोठ्या गावाचे सांगतात. मला वाटते, पोर्ट लुईच्या डेपोत त्या बावीस वर्षांच्या पोराने हेच केले असेल. 'खेड' हे त्याचे गाव नसेलच. ती त्याची बाजारपेठ असेल. ऊसतोड्यांची ग्रामसेवकांमार्फत नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यायचे राज्य सरकारने २०२१ साली ठरवले, तोवर त्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीतच राही. फडावर जन्मलेल्या लेकराच्या दाखल्यावर जन्मगाव काय घालायचे, हा प्रश्न किती गुरुजींना दर वर्षी पडतो ते आपणच जाणता. ते जसे खरे असेल तसे, गावाच्या आणि कारखान्याच्या नावासकट, शाईने लिहून ठेवावे एवढी माझी विनंती आहे.

आमचे पाहुणे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आले आणि सरळ खेडला गेले. तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींना मी आधी लिहिले होते. ते त्यांना भरण्याला देवीच्या देवळात घेऊन गेले. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी विचारले, "कोणत्या वाडीचे बाबा तुम्ही?" पाहुण्यांनी खिशातला कागद काढला, आणि मग तो तसाच ठेवून दिला. गुरुजींनीच आजींना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी नारळ फोडून अर्धी वाटी पाहुण्यांच्या हातात दिली.

वाडी अजून सापडलेली नाही. गुरुजींनी तालुक्यातल्या शाळांना पत्रे घातली आहेत. परवापर्यंत तीन उत्तरे आली होती. त्यांतल्या एकात, बोटीवर गेलेल्या आणि परत न आलेल्या एका भावाची आठवण आहे, पण नाव जुळत नाही.